घटक ४ : परिसरातील गाणे आणि जगाचे संगीत – संगीतमानवशास्त्राचा परिचय

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• संगीतमानवशास्त्र ही ज्ञानशाखा कशी उदयास आली हे सांगता येईल.
• गाण्याचा नाद आणि त्याचा सामाजिक संदर्भ यांतील संबंध उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• यवतमाळ जिल्ह्यातील गायनपरंपरांची जगातील इतर परंपरांशी तुलना करता येईल.
• आपल्या परिसरातील एका गायनप्रकाराची नोंद शास्त्रीय पद्धतीने आणि जबाबदारीने करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, लोकगीतांचा विचार आपण आजवर प्रामुख्याने वाङ्मय म्हणून केला. कागदावर उतरवलेल्या शब्दांच्या आधारे आपण गीतातील भाषा, प्रतिमा, छंद आणि आशय तपासला. या घटकात आपल्याला कागदावर न उतरणाऱ्या भागाकडे वळायचे आहे. तो भाग म्हणजे आवाज, लय, वाद्य, गाणाऱ्याचे स्थान, ऐकणाऱ्याचे नाते आणि गाण्याचा प्रसंग.

'संगीत' हा शब्द उच्चारताच आपल्या मनात राग, ताल, तंबोरा, तबला, संगीत विद्यालय आणि तेथील परीक्षा उभ्या राहतात. यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या गावात 'तुमच्याकडे संगीत आहे का?' असे विचारले, तर 'भजनी मंडळ आहे' एवढेच उत्तर मिळण्याचा संभव अधिक. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली म्हटली जाणारी झडती, बंजारा तांड्यावरील होळीची लेंगी, कोलाम पोडावरील ढेमसा नाच, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घुमणारी भुलाबाईची गाणी या गोष्टी त्या उत्तरात येत नाहीत. त्या सर्वांना ठाऊक असतात, पण त्या 'संगीत' म्हणून मोजाव्यात असे कोणाला वाटत नाही. ही मोजणी कोणी ठरवली, हा या घटकाचा आरंभप्रश्न आहे.

या प्रश्नासाठी यवतमाळ जिल्हा हे उत्तम अभ्यासक्षेत्र आहे. ईशान्येस वर्धा आणि दक्षिणेस पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान वसलेल्या या जिल्ह्यात वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी या भागांत गोंड, परधान आणि कोलाम समाजाची वस्ती आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या भागांत बंजारा तांडे आहेत. मराठी आणि बंजारा समाजाची गोरबोली या भाषा इंडो-आर्य कुळातील आहेत, तर गोंडी आणि कोलामी या भाषा द्राविड कुळातील आहेत. म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन भाषाकुळांतील गाणी शेजारी-शेजारी नांदतात.

या घटकाचे प्रतिपादन असे आहे : गाणे म्हणजे केवळ नाद नव्हे. कोण गातो, कोणासाठी गातो, केव्हा गातो आणि कोणत्या नात्याने गातो, हे त्या गाण्याचेच अंग आहे. हे अंग वगळून केलेली नोंद अपुरी ठरते आणि कित्येकदा गाणाऱ्यावर अन्याय करणारीही ठरते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ ज्ञानशाखेचा उदय

जगातील निरनिराळ्या समाजांच्या संगीताचा त्या समाजांच्या जीवनासह अभ्यास करणाऱ्या शास्त्राला इंग्रजीत 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' म्हणतात. या पुस्तिकेत आपण त्यासाठी 'संगीतमानवशास्त्र' ही संज्ञा वापरणार आहोत.

या शास्त्राची पूर्वतयारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ तयार केला आणि आवाज साठवून ठेवणे मानवाला प्रथमच शक्य झाले. १८८५ मध्ये अलेक्झांडर एलिस या इंग्रज विद्वानाने निरनिराळ्या देशांतील स्वरसप्तकांची मोजणी प्रसिद्ध केली. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग करणारी 'सेंट' ही मोजपट्टी त्याने वापरली. जगात निसर्गाने घालून दिलेली एकच स्वरव्यवस्था नाही, निरनिराळ्या समाजांनी निरनिराळ्या व्यवस्था घडवल्या आहेत, हा त्याचा निष्कर्ष होता. युरोपीय स्वरव्यवस्था हाच जगाचा मापदंड मानण्याच्या त्या काळात हा निष्कर्ष धक्कादायक होता.

१८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्युक्स याने अमेरिकेतील पासामाक्वोडी या आदिवासी समाजाची गाणी फोनोग्राफवर मुद्रित केली. १९०० च्या सुमारास बर्लिनमध्ये कार्ल श्टुम्फ याने ध्वनिसंग्रहालयाची पायाभरणी केली आणि एरिख फॉन हॉर्नबोस्टेल याने ते वाढवले. या काळातील अभ्यासाला 'तौलनिक संगीतशास्त्र' असे नाव होते. त्याची एक मोठी मर्यादा होती. प्रवासी, मिशनरी आणि वसाहतींतील अधिकारी यांनी धाडलेल्या मेणाच्या नळकांड्या बर्लिनमध्ये बसून ऐकल्या जात. स्वर अचूक मोजले जात, पण गाणाऱ्याला अभ्यासकाने पाहिलेले नसे. ते गाणे लग्नातले की मृत्यूप्रसंगीचे, हेही पुष्कळदा नोंदीतल्या एका ओळीवर अवलंबून राही.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही दृष्टी पालटली. १९५० मध्ये डच अभ्यासक याप कुन्स्ट याने या शास्त्राला नवे नाव सुचवले. १९५५ मध्ये अमेरिकेत या विषयाची स्वतंत्र संस्था स्थापन झाली. १९६४ मध्ये अ‍ॅलन मेरियम याने 'द अँथ्रोपॉलॉजी ऑफ म्युझिक' या ग्रंथात संगीताचा विचार तीन पातळ्यांवर करावा असे मांडले : संगीताविषयीच्या समाजाच्या कल्पना, संगीत घडताना होणारे मानवी वर्तन आणि प्रत्यक्ष नाद. कल्पनेतून वर्तन घडते, वर्तनातून नाद निर्माण होतो आणि तो नाद ऐकून कल्पना पक्की होते किंवा बदलते.

जॉन ब्लॅकिंग याने दक्षिण आफ्रिकेतील वेंडा समाजात राहून केलेल्या अभ्यासाच्या आधारे १९७३ मध्ये आणखी एक मूलभूत प्रश्न विचारला. वेंडा समाजात प्रत्येक माणूस गाऊ-नाचू शकतो असेच गृहीत धरले जाते. मग आधुनिक समाज थोड्यांना 'कलावंत' आणि उरलेल्या सर्वांना 'श्रोते' का ठरवतो? संगीत म्हणजे माणसाने रचलेला, संघटित केलेला ध्वनी, अशी व्यापक व्याख्या त्याने केली.

मराठीत या विचाराची पायाभरणी डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी केली. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे पहिले संचालक असलेल्या रानडे यांनी 'लोकसंगीतशास्त्र' हा ग्रंथ लिहिला. आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा संगीतकोटींचा त्यांनी परस्परसंबंधांसह विचार केला. लोकसंगीत म्हणजे शास्त्रीय संगीताचे कच्चे रूप नव्हे, त्याला स्वतःची व्यवस्था आणि स्वतःचे निकष असतात, ही जाणीव त्यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला झाली.

४.२.२ बोलणे की गाणे? – पोळ्याची झडती

आता मेरियमची त्रिस्तरीय मांडणी आपल्या परिसरातील एका प्रकाराला लावून पाहू. श्रावण अमावास्येला विदर्भात पोळा भरतो. गावाबाहेर गुरे जमण्याच्या मोकळ्या जागेत, म्हणजे आखरावर, सजवलेल्या बैलांच्या जोड्या तोरणाखाली उभ्या केल्या जातात. तेथे एखादा शेतकरी पुढे येतो आणि उंच पट्टीत, यमकांनी बांधलेल्या ओळी म्हणतो. शेवटी जमाव महादेवाच्या जयघोषाने साथ देतो. लगेच दुसऱ्या बाजूने दुसरा शेतकरी आपली झडती म्हणतो. बैलाचे कौतुक, देवाचे नमन, सावकार, कापसाचा भाव, पाऊस, पुढारी या सर्वांचा समाचार झडतीत घेतला जातो.

नादाच्या पातळीवर झडती ही धड बोलणे नाही आणि धड गाणेही नाही. तिला लय आहे, आघात आहेत, ठरलेला शेवट आहे, पण रागदारीच्या अर्थाने चाल नाही. वर्तनाच्या पातळीवर पाहिले तर ती चढाओढ आहे. उत्तर सुचणे हे येथील कौशल्य असून गळा गोड असण्याला महत्त्व नाही. कल्पनेच्या पातळीवर तिचे विशेष असे की, एरवी ज्याच्यासमोर मान खाली घालावी लागते त्याच्याविषयी त्या दिवशी सर्वांदेखत बोलण्याची मुभा असते. कोरडवाहू कापसावर आणि कर्जावर जगणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही मुभा लहान नाही. झडतीचे केवळ शब्द छापले तर विनोदी कविता हाती लागते. केवळ ध्वनी मुद्रित केला तर आरडाओरडा हाती लागतो. तोरण, बैल, जमाव आणि तो दिवस यांसह पाहिल्यावरच झडती समजते.

'हे संगीत आहे का?' असा प्रश्न जगभर निरनिराळ्या रूपांत येतो. कुराणाचे पठण बाहेरच्या श्रोत्याला अत्यंत सुरेल भासते. त्यात स्वरांची सूक्ष्म योजना असते. तरीही इस्लामी परंपरा त्याला संगीत म्हणत नाही. ते पठण आहे आणि त्याचे स्थान गायनाहून वेगळे आहे. उलट आपल्याकडे तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्य या तिहींना मिळून संगीत म्हटले आहे. म्हणजे 'संगीत' या शब्दाची सीमा प्रत्येक समाज आपापल्या परीने आखतो. अभ्यासकाने ती आधी विचारून घ्यायची असते, स्वतःची सीमा तेथे लादायची नसते.

आपली प्रगती तपासा – १ : आपल्या गावातील असा एखादा प्रकार सांगा, ज्याला लोक 'गाणे' म्हणत नाहीत, परंतु ज्यात लय किंवा स्वर आहे. त्याला लोक कोणते क्रियापद वापरतात – म्हणणे, बोलणे, घालणे, लावणे की आणखी काही?

४.२.३ रडणे की गाणे? – बंजारा समाजातील ढावलो

बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य यांची ने-आण करी. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर हा व्यवसाय मोडला. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच अनेक भटक्या समाजांना सोसावा लागला. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. या साऱ्या उलथापालथीत तांड्याने आपली गाणी जपली. होळीला डफाच्या आणि नंगाऱ्याच्या साथीने लेंगी गायिली जाते. श्रावणात अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरून तीज साजरी करतात आणि त्याभोवती गातात.

लग्नातील 'ढावलो' हा प्रकार या सर्वांहून वेगळा आहे. सासरी निघताना नवरी आई, वडील, भाऊ, मैत्रिणी अशा एकेकाच्या गळ्यात पडून रडते आणि ते रडणेच सुरात बांधलेले असते. पूर्वीच्या रीतीनुसार लग्नाआधी जाणत्या स्त्रिया नवरीला ढावलो शिकवीत असत. येथे नवख्या अभ्यासकाच्या मनात शंका येते : शिकवलेले रडणे खरे कसे? या शंकेमागे एक गृहीतक दडलेले आहे. खरी भावना आपोआप, ओबडधोबड रूपात प्रकट होते आणि रचना आली की भावना खोटी ठरते, असे आपण नकळत मानतो.

हे गृहीतक तपासण्यासाठी दूरच्या एका अभ्यासाकडे पाहू. पापुआ न्यू गिनीच्या पर्जन्यवनात राहणाऱ्या कालुली समाजाचा अभ्यास स्टीव्हन फेल्ड याने केला. त्याचा 'साउंड अँड सेंटिमेंट' हा ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. कालुली स्त्रिया मृत्यूप्रसंगी उतरत्या मोजक्या स्वरांत रडतात. त्या स्वरांचे नाते कालुली लोक 'मुनी' नावाच्या पक्ष्याच्या हाकेशी जोडतात. बहिणीने खायला न दिल्यामुळे एक मुलगा पक्षी झाला, अशी त्यांची कथा आहे. म्हणून त्या स्वरांतच दुरावलेपणाचा अर्थ भरलेला आहे. कालुली समाजात स्त्रियांचे रडणे गाण्याच्या जवळ जाते, तर समारंभातील गाणे ऐकणाऱ्याला रडवते. रडणे आणि गाणे यांच्यामध्ये त्यांनी आपल्यासारखी भिंत उभी केलेली नाही.

या तुलनेमुळे ढावलोकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. ताटातुटीचे दुःख व्यक्त करण्यासाठी समाजाने नवरीच्या हाती एक घडीव भाषा दिली आहे. एरवी वडीलधाऱ्यांसमोर न बोलणारी मुलगी त्या भाषेत आपली माया आणि आपली तक्रार दोन्ही सांगू शकते. मात्र तुलना करताना एक पथ्य पाळावे. कालुली आणि बंजारा यांच्यात ऐतिहासिक संबंध आहे असा निष्कर्ष या साम्यावरून काढता येत नाही. तुलना आपल्याला नवा प्रश्न विचारायला शिकवते. उत्तर मात्र त्या-त्या समाजातच शोधावे लागते.

४.२.४ कोणाचे गाणे, कोणाच्या मुखी? – परधानांची किंगरी

'गोंडांचे संगीत' असा शब्दप्रयोग आपण सहज करतो. परंतु गोंडांच्या कुळकथा परंपरेने गातात ते परधान. गजाने वाजवायच्या किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने परधान गायक आपल्या यजमान गोंड कुळाची उत्पत्तिकथा, वंशावळ आणि कुळदेवतेची कथा सांगतो आणि त्याबद्दल यजमानाकडून मान आणि दान घेतो.

पैनगंगेच्या दक्षिणेस, आजच्या तेलंगणातील आदिलाबाद भागात ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात राज गोंडांचा सविस्तर अभ्यास केला. त्याचा त्यावरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील परधानांची घरची भाषा मराठी असून ते कुळकथा मात्र गोंडीत गातात, अशी महत्त्वाची नोंद त्याने केली आहे. म्हणजे एका समाजाची स्मृती दुसऱ्या समाजाच्या कंठात आणि त्याच्या दृष्टीने परक्या असलेल्या भाषेत सुरक्षित राहिली. हे नाते विस्कटले तर गायक जिवंत असूनही गाणे थांबते, कारण ज्याच्यासाठी गायचे तो यजमान समोर नसतो. मंचावर दहा मिनिटांसाठी किंगरी वाजवता येते, पण रात्रभर चालणारी कुळकथा तेथे उभी राहत नाही.

याच भागात दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या दंडारीचेही उदाहरण घ्यावे. मोरपिसांचे उंच मुकुट घातलेले घुसाडी नर्तक एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. यजमान गावाने त्यांचे स्वागत करायचे असते. आदिलाबादजवळील मारलवाई येथील घुसाडी नर्तक कनकराजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या नृत्याकडे देशाचे लक्ष गेले. हे नृत्य 'तेलंगणाचे' म्हणून ओळखले जाते. गोंड समाज मात्र पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर आहे. पूर्वी नदीच्या एका बाजूला वऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला निजामाचे राज्य होते. १९५६ च्या पुनर्रचनेत सीमा पुन्हा बदलल्या. सांस्कृतिक प्रदेश प्रशासकीय सीमेबरोबर सरकत नाही, हे संगीताच्या अभ्यासकाने सदैव ध्यानात ठेवावे.

४.२.५ वाद्यांचे वर्गीकरण : उपयोग आणि मर्यादा

१९१४ मध्ये हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी जगातील वाद्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. वाद्याचा कोणता भाग कंप पावून नाद निर्माण करतो, हा त्याचा निकष आहे. त्यातील चार मुख्य वर्ग नाट्यशास्त्रातील घन, अवनद्ध, तत आणि सुषिर या चार वर्गांशी जुळतात. पुढे विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा पाचवा वर्ग त्यांत जोडला गेला. या पद्धतीने नंगारा अवनद्ध वर्गात, काशाची थाळी घन वर्गात, बासरी सुषिर वर्गात आणि किंगरी तत वर्गात जाते.

या वर्गीकरणामुळे निरनिराळ्या भाषांतील नावांचा गोंधळ टळतो. मराठी मुलखात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथजोग्यांच्या हातीही किंगरी नावाचे वाद्य असते. नाव एकच म्हणून वाद्य आणि त्याचे स्थान एकच असे समजू नये. तथापि वर्गीकरणाची मर्यादाही स्पष्ट आहे. ते परधानाची किंगरी आणि युरोपीय व्हायोलिन यांना एकाच पोटवर्गात बसवते. परंतु एक वाद्य कुळदेवतेसमोर वाजते आणि दुसरे सभागृहात, हा भेद त्या तक्त्यात कोठेही दिसत नाही. तक्ता हा अभ्यासाचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे.

४.२.६ प्रसंग संपतो तेव्हा – जात्यावरची ओवी

गाणे प्रसंगाशी बांधलेले असेल, तर प्रसंग संपल्यावर गाण्याचे काय होते? याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे जात्यावरची ओवी. पिठाची गिरणी आली आणि पहाटे दोघींनी समोरासमोर बसून दळण्याची गरज संपली. गिरणीने स्त्रियांचे कष्ट वाचवले, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर स्त्रियांची आपापसांत बोलण्याची हक्काची वेळही गेली. जाते आज अनेक घरांत लग्नातील हळद दळण्यापुरते पूजेचे उरले आहे आणि ओवीही त्या विधीपुरती आक्रसली आहे.

गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्यांची नोंद केली. पुढे हा संग्रह 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या उपक्रमाने २०१७ पासून प्रकाशात आणला. या संग्रहाची पद्धत आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ओवी कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या समाजातील स्त्रीने गायिलेली, हे तेथे ओवीबरोबर नोंदलेले आहे. म्हणून तो संग्रह 'अनामिक लोकगीतांचा' न राहता गाणाऱ्या स्त्रियांचा ठरला.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर अशीच घटना घडली. विणलेले लोकरी कापड ओले करून मेजावर आपटत घट्ट करताना स्त्रिया एकत्र बसून गेलिक भाषेत गात. यंत्रांनी ते काम हाती घेतले आणि गाण्याचा प्रसंग संपला. १९५१ मध्ये एडिनबरो विद्यापीठात स्थापन झालेल्या स्कॉटिश अध्ययन केंद्राने अशा गाण्यांचे मुद्रण केले. जाते आणि लोकरी कापड यांची साधने भिन्न आहेत, परंतु श्रम, स्त्रियांचा समूह आणि गाणे यांचे नाते समान आहे.

मात्र बदल म्हणजे केवळ ऱ्हास, असे समजू नये. आज होळीला लेंगी ध्वनिवर्धकावर वाजते, गोरबोलीतील नवी गाणी मोबाइलवर ऐकली जातात. 'हे खरे लोकसंगीत नव्हे' असे म्हणून त्याकडे पाठ फिरवणे अशास्त्रीय होय. ती कोण रचतो, कोण नाचतो, पूर्वी लेंगी गाणारे वृद्ध आता कोठे बसतात, हे प्रश्नही आपल्या अभ्यासाचेच आहेत.

४.२.७ ध्वनिमुद्रण आणि अभ्यासकाची जबाबदारी

आज प्रत्येकाच्या हातात ध्वनिमुद्रक आहे. त्यामुळे जबाबदारी वाढली आहे. ती का वाढली हे एका घटनेवरून कळेल. १९७० च्या सुमारास संगीतमानवशास्त्रज्ञ ह्यूगो झेंप याने प्रशांत महासागरातील सॉलोमन बेटांपैकी मलाइटा बेटावर अफुनाक्वा नावाच्या स्त्रीचे एक अंगाईगीत मुद्रित केले. ते युनेस्कोच्या ध्वनिमुद्रिका-मालेत समाविष्ट झाले. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' या फ्रेंच गटाने तो आवाज आपल्या नृत्यसंगीतात मिसळला आणि ते गाणे जगभर गाजले. पुढे १९९६ मध्ये यान गार्बारेक या नॉर्वेजियन वादकाने तीच चाल 'पिग्मींचे अंगाईगीत' या नावाने वाजवली. पिग्मी समाज मध्य आफ्रिकेत राहतो. सॉलोमन बेटे तेथून सागरापार आहेत.

या प्रकरणावर अभ्यासकांनी कठोर टीका केली. मोबदल्याचा आणि संमतीचा प्रश्न तर होताच, पण त्याहून मूलभूत गोष्ट अशी की, एका स्त्रीने आपल्या भाषेत गायिलेले गाणे भलत्याच खंडाच्या नावावर गेले. नाद अचूक पोहोचला आणि गाणारी हरवली. उद्या एखाद्या पोडावरचे कोलामी गाणे 'आदिवासी धून' एवढ्याच नावाने पसरले, तर तेही याच वाटेने जाईल. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून गणल्या गेलेल्या तीन समाजांपैकी कोलाम हा एक आहे. ज्यांचा आवाज आधीच क्षीण आहे, त्यांच्या बाबतीत नाव पुसले जाणे ही किरकोळ चूक मानता येत नाही.

आपली प्रगती तपासा – २ : आपल्या मोबाइलमध्ये असलेले एखादे लोकगीत निवडा. ते कोणी गायिले, कोणत्या गावचे, कोणत्या प्रसंगाचे, हे आपल्याला सांगता येते का? कोणती माहिती हरवली आहे?

४.३ क्षेत्रकार्य : नोंद कशी करावी?

दूरशिक्षणाने शिकणाऱ्या आपल्यापैकी अनेकजण शेती, नोकरी, अंगणवाडी, शाळा किंवा घर सांभाळून अभ्यास करतात. क्षेत्रकार्यासाठी परदेशी अभ्यासकाला वर्षभर गावात राहून भाषा आणि नाती शिकावी लागतात. ती आपल्याकडे आधीपासून आहेत. परंतु परिचयाचा एक तोटाही असतो. नेहमीची गोष्ट आपल्याला दिसेनाशी होते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

(१) आधी परवानगी घ्यावी. मुद्रण कशासाठी, ते कोण ऐकणार, हे गाणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगावे. नकार आल्यास तो मान्य करावा.

(२) प्रसंगाचा मान ठेवावा. लग्नाचे किंवा मृत्यूप्रसंगीचे गाणे अवेळी गाण्याचा आग्रह धरू नये. स्त्रियांच्या गाण्यांच्या वेळी पुरुष विद्यार्थ्याची उपस्थिती अवघड ठरत असेल, तर घरातील किंवा ओळखीच्या स्त्रीची मदत घ्यावी आणि तिचे साहाय्य नोंदीत नमूद करावे.

(३) स्थानिक शब्द लिहावेत. 'याला तुम्ही काय म्हणता?' हा पहिला प्रश्न असावा. चांगले आणि वाईट गाणे कशावरून ठरते, तेही त्यांच्याच शब्दांत लिहावे.

(४) गाण्याच्या आधीचे आणि नंतरचेही नोंदावे. कोण कोठे बसले, कोणी सुरुवात केली, कोण हसले, कोण उठून गेले, हे सर्व टिपावे.

(५) कोलामी, गोंडी किंवा गोरबोलीतील शब्द देवनागरीत लिहून अर्थासह त्या भाषेच्या जाणकाराला वाचून दाखवावेत. ऐकू आलेला शब्द सुधारून मराठीसारखा करू नये.

(६) मुद्रणाची प्रत गाणाऱ्याला द्यावी. त्याचे नाव द्यायचे की नाही, हे त्यालाच विचारावे. संमती असल्यास नाव आणि गाव ठळकपणे लिहावे.

४.४ सारांश

संगीतमानवशास्त्राचा प्रवास स्वर मोजण्यापासून सुरू झाला आणि गाणाऱ्या माणसापर्यंत पोहोचला. मेरियमने कल्पना, वर्तन आणि नाद यांचा एकत्र विचार करण्यास शिकवले. झडतीच्या उदाहरणावरून 'संगीत' या शब्दाची सीमा समाजागणिक बदलते हे आपण पाहिले. ढावलोवरून भावना आणि रचना परस्परविरोधी नसतात हे कळले. किंगरीवरून गाणे हे नात्यावर उभे असते हे, तर ओवीवरून प्रसंग संपला की गाण्याचे स्थान पालटते हे स्पष्ट झाले. मलाइटा बेटावरील अंगाईगीताने संदर्भ तुटण्याचा धोका दाखवला. जगाचे संगीत दूर कोठे तरी नाही. आपला तांडा, पोड, गुडा आणि गाव हेही त्या जगाचेच भाग आहेत, आणि त्यांची नोंद तेथील भाषा जाणणाऱ्याने करावी, ही या शास्त्राची आजची गरज आहे.

४.५ स्वाध्याय

(१) तौलनिक संगीतशास्त्र आणि संगीतमानवशास्त्र यांतील दृष्टिभेद स्पष्ट करा.
(२) 'शिकवलेले रडणे खोटे असते' या मताचे परीक्षण ढावलो आणि कालुली रुदनगीते यांच्या आधारे करा.
(३) वाद्यवर्गीकरणाचे उपयोग आणि मर्यादा सोदाहरण लिहा.
(४) उपक्रम : आपल्या परिसरातील एका गायनप्रकाराची नोंद ४.३ मधील क्रमाने करा. नोंद पूर्ण झाल्यावर ती प्रथम गाणाऱ्याला वाचून दाखवा, त्याने सुचवलेल्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने लिहा आणि मगच ती अभ्यासकेंद्रात सादर करा.